भारी पत्ते आले, पुढे काय?

टेक्सस होल्डममध्ये प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला दोन पत्ते मिळतात. बावन्न पानांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांत दोन एक्क्यांचे ६, दोन राजांचे ६, दोन राण्यांचे ६ आणि एक्का-राजाचे १६, असे जेमतेम ३४ प्रकार कोणत्याही टेबलावर आणि कोणत्याही जागेवरून भारी धरले जातात. गुलामांच्या जोडीबद्दल खेळाडूंमध्ये एकमत नाही. डेव्हिड स्क्लान्स्की आणि मेसन माल्मथ यांनी सुरुवातीच्या पत्त्यांची आठ गटांत प्रतवारी लावली, तिच्या पहिल्या गटात गुलामांची जोडी आहे. एक्का-राजा मात्र एकाच रंगाचे असले तरच पहिल्या गटात बसतात, वेगळ्या रंगाचे असले की दुसऱ्या गटात जातात. प्रत्यक्ष खेळणाऱ्यांचा अनुभवही या प्रतवारीशी जुळतो. एक्का-राजा दिसायला राजबिंडे, पण टेबलावरच्या पत्त्यांशी जोडी जमेपर्यंत ते दोन सुटे पत्तेच असतात.

दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात. ऑनलाइन खेळात हा आकडा फारसा जाणवत नसे. समोरासमोरच्या खेळात डीलर पत्ते पिसतो, वाटतो, चिप्स मोजतो, कोणीतरी विचार करत बसतो, आणि तासाला पंचवीस-तीस डावच होतात. म्हणजे एक्क्यांची जोडी सुमारे आठ तासांनी एकदा, आणि वरच्या ३४ प्रकारांपैकी काहीही साधारण दीड तासाने एकदा. या दुर्मीळपणाचा खेळावर परिणाम होतो. दोन तास पत्ते टाकून कंटाळलेल्या माणसाच्या हातात राजांची जोडी आली की तिचे मोल त्याला आहे त्याहून जास्त वाटू लागते.

नागपूरच्या खेळाडूच्या बाबतीत हे दडपण आणखी वाढते, कारण परवानाधारक टेबल त्याच्या गावातच काय, राज्यातही नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले असले, तरी पोकर त्यात बसतो की नाही याचे उत्तर कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. देशातही याबाबत एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकरला नाव घेऊन जुगारातून वगळले आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच ठरवला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी वेगळा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. उरला गोवा. तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या, म्हणून पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर कॅसिनो चालतात. रेल्वेने तिथे पोचायला अख्खा दिवस जातो. विमानाने वेळ वाचतो, पण खर्च वाढतो. इतके करून टेबलावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला शनिवार-रविवारच्या मुक्कामात फार तर पाच-सहाशे डाव येतात, म्हणजे एक्के दोन-तीनदा. ‘एवढ्या लांब आलो ते पत्ते टाकायला का?’ हा विचार मग मनात ठाण मांडतो. भारी पत्ते चुकीचे खेळले जाण्याचे मोठे कारण हेच आहे, आणि पोकरच्या पुस्तकांत ते सहसा सापडत नाही.

दुसरे कारण तीन पत्तीत आहे. विदर्भातला बहुतेक खेळाडू पत्त्यांकडे दिवाळीतल्या तीन पत्तीतून येतो. त्या खेळात मिळालेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात. तीन पानांचे २२,१०० प्रकार होतात आणि त्यांत ट्रेलचे, म्हणजे तिन्ही पाने सारखी असण्याचे, फक्त ५२. ज्याच्या हाती एक्क्यांची ट्रेल पडली त्याने डाव जिंकल्यातच जमा. मग घाई कशाला? चेहरा पडलेला ठेवायचा, लहान चाल चालायची आणि समोरच्यांना पैसे लावू द्यायचे. पत्ते न पाहता खेळणाऱ्याला पाहणाऱ्याच्या निम्म्या पैशात चाल मिळते, त्यामुळे ‘ब्लाइंड’ राहून डाव लांबवणे हीसुद्धा तिथे शहाणपणाची चाल असते. ताकद लपवणे हे तीन पत्तीत कौशल्य समजले जाते, ते उगाच नाही.

होल्डममध्ये दोन पत्त्यांनंतर पाच पत्ते टेबलावर उघडे पडतात, आधी तीन फ्लॉपवर, मग टर्न, मग रिव्हर. हे पाच पत्ते सगळ्यांच्या मालकीचे असल्यामुळे सुरुवातीची ताकद दर टप्प्याला बदलते. एका अनोळखी हातासमोर दोन एक्के सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. दोघांसमोर हे प्रमाण ७३ टक्क्यांवर येते, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६ आणि पाच जणांसमोर ४९. एक्के तेच असतात, पण टेबलावर टिकलेल्या प्रत्येक जादा माणसामागे त्यांची किंमत घटते. म्हणून भारी पत्ते हाती आल्यावर पहिला निर्णय घ्यायचा तो किती लोकांशी खेळायचे याचा.

हे आकड्यांत मांडलेले बरे. समजा ब्लाइंड (होल्डममध्ये पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे) १०० आणि २०० रुपयांचे आहेत, टेबलावर नऊ जण आहेत आणि सगळ्यांसमोर २०,००० च्या चिप्स आहेत. तिघांनी फक्त २०० घालून लिंप केले आणि बटणावरच्या, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या, खेळाडूला दोन एक्के आले. तीन पत्तीच्या सवयीने त्यानेही गुपचूप २०० घातले, तर दोन्ही ब्लाइंड आत राहतात आणि सहा जण फ्लॉप पाहतात. पॉट १,२०० चा होतो. अर्ध्याहून जास्त वेळा एक्के हरणार, आणि सहा माणसांत कोणाला काय लागले हे कळायला काहीच मार्ग नाही. बिग ब्लाइंडवाला सत्ती-दुर्री घेऊन फुकटात बसलेला असतो, त्यामुळे दोन जोड्या कुठून निघतील याचा अंदाज बांधता येत नाही. एक्केवाल्याने २०० ऐवजी १,४०० चा रेझ केला असता, तर बहुधा एकच जण कॉल करतो. पॉट ३,५०० चा होतो, समोर एकच माणूस उरतो आणि तोही बटणाच्या आधी बोलणारा.

रेझ किती मोठा असावा, याबाबत समोरासमोरचा खेळ ऑनलाइनपेक्षा निराळा आहे. ऑनलाइन खेळणाऱ्याला बिग ब्लाइंडच्या अडीचपट रेझ पुरेसा वाटत असे. गोव्याच्या टेबलावर तेवढ्या पैशाने कोणी हलत नाही. तिथे सुट्टीवर आलेले, गप्पांत रमलेले, मघापासून कंटाळलेले लोक बसलेले असतात, आणि त्यांना कॉल करायचाच असतो. अनुभवी खेळाडू तिथे बिग ब्लाइंडच्या चारपट रेझ करतात आणि आधी लिंप केलेल्या प्रत्येकामागे आणखी एक बिग ब्लाइंड वाढवतात. वरच्या उदाहरणातले १,४०० याच हिशेबाने आले. टेबल त्याहून सैल असेल तर १,८०० करायलाही हरकत नाही. ज्याला जायचे तो जातो, ज्याला राहायचे तो जास्त पैसे भरून राहतो, आणि भारी पत्ते धरणाऱ्याला दोन्ही चालते. सगळे पळाले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. खरे तर बहुतेक ठिकाणी फ्लॉप न पडता संपलेल्या डावावर रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जात नाही, त्यामुळे मिळालेले ९०० पूर्ण पदरात पडतात.

स्ट्रॅडल झाला असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. पत्ते वाटण्याआधी कोणी ४०० चा स्ट्रॅडल टाकला की खेळाचा दर दुप्पट होतो. २०,००० च्या चिप्स शंभर बिग ब्लाइंड न राहता पन्नास स्ट्रॅडल इतक्याच उरतात. रेझ २०० च्या पटीत न मोजता ४०० च्या पटीत मोजायचा असतो. हे लक्षात न ठेवता नेहमीचे ८०० टाकणारा खेळाडू स्ट्रॅडलच्या फक्त दुपटीवर थांबतो आणि अर्ध्या टेबलाला आमंत्रण देतो.

निर्णय बरोबर असूनही तो टेबलावर उतरवताना बिघडू शकतो, आणि ही अडचण फक्त समोरासमोरच्या खेळात येते. ‘रेझ’ असे तोंडाने न बोलता ५,००० ची एकच चिप पुढे सरकवली, तर नियमाने तो २०० चा कॉल धरला जातो. एकदा थोड्या चिप्स ठेवून हात मागे घेतला आणि पुन्हा आणखी ठेवल्या, तर दुसऱ्या खेपेच्या चिप्स धरत नाहीत. एक्क्यांचा रेझ असा नकळत कॉल होऊन बसला की सहा जण फ्लॉप पाहतात आणि मघाचे सगळे गणित फुकट जाते. उपाय साधा आहे. आधी आकडा बोलायचा, मग चिप्स ठेवायच्या. पत्त्यांवर एखादी चिप ठेवणेही तितकेच गरजेचे आहे, कारण मोकळे पडलेले पत्ते डीलरने चुकून गोळा करून गड्डीत मिसळले तर ते बहुधा परत मिळत नाहीत, मग ते एक्के असोत की दुर्री-तिर्री.

तीन पत्तीची एक सवय मात्र इथेही उपयोगी पडते. पाळी येईपर्यंत पत्ते पाहायचे नाहीत. पत्ते मिळताच उचलून पाहणारा नवखा खेळाडू भारी पत्ते दिसले की आपोआप ताठ बसतो, चिप्सकडे एक नजर टाकतो आणि बोलणे अर्धवट सोडतो. त्याच्या उजवीकडच्यांनी अजून काही लावलेले नसते, आणि त्यांना हे सगळे दिसते. पाळी आल्यावरच पत्ते पाहिले तर लपवायला काही उरत नाही. माइक कॅरो यांनी खेळाडूंच्या देहबोलीवर पुस्तक लिहिले आहे, त्याचा गाभा असा की पत्ते भारी असले की माणूस दुबळेपणाचे सोंग करतो आणि पत्ते हलके असले की जोराचे. उसासा टाकून, खांदे उडवून ‘बरं, रेझ’ म्हणणाऱ्याच्या हाती राजे असतात, हे गोव्याच्या टेबलावरचे जुने लोक पुस्तक न वाचताही ओळखतात. त्यामुळे सोंग करण्यापेक्षा प्रत्येक डावात तेवढाच वेळ घेणे, तेच शब्द बोलणे आणि चिप्स त्याच पद्धतीने ठेवणे जास्त कामी येते. रेझच्या आकड्यालाही हेच लागू आहे. एक्क्यांना १,६०० आणि बाकी पत्त्यांना ८०० लावणारा खेळाडू आपले पत्ते स्वतःच उघडे करतो.

एक्क्यांचा निर्णय तुलनेने सोपा असतो. समोरून झालेल्या प्रत्येक रेझवर पुन्हा रेझ करता येतो आणि फ्लॉपआधी सगळे पैसे गेले तरी चिंता नसते. राजांच्या जोडीत भीती शिरते. नऊ जणांच्या टेबलावर राजे धरणाऱ्याला सोडून उरलेल्या आठ जणांपैकी कोणाकडे एक्के असण्याची शक्यता सुमारे ४ टक्के असते. एकदा राजे एक्क्यांना हरलेला खेळाडू पुढे वर्षभर या ४ टक्क्यांना घाबरून खेळतो, फक्त कॉल करतो आणि मग फ्लॉपवर एक्का पडला की पत्ते टाकतो. फ्लॉपवर निदान एक एक्का पडण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे राजांना एक्क्यांच्या जोडीपेक्षा हलका एक्का घेऊन स्वस्तात आत राहिलेल्यांचा धोका जास्त, आणि त्यांना आधीच बाहेर काढायचे तर रेझ करावाच लागतो.

राण्यांचा प्रश्न खरा अवघड आहे. फ्लॉपवर एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता ४१ टक्के, गुलामांच्या जोडीला वरचा पत्ता दिसण्याची ५७ टक्के. एक रेझ, त्यावर राण्यांचा दुसरा रेझ आणि त्यावर समोरून तिसरा, असे झाले की समोरच्याकडे काय असू शकते याचे प्रकार मोजायचे. तो एक्के, राजे आणि एक्का-राजा यांनी असे करत असेल तर ६, ६ आणि १६ असे २८ प्रकार होतात. त्यांतले १६ राण्यांपेक्षा मागे आहेत, आणि एकूण हिशेबात राण्या सुमारे ४० टक्के वेळा जिंकतात. पॉटमध्ये आधीच गेलेले पैसे पाहता इतके प्रमाण पुरेसे ठरूही शकते. पण समोर चार तास शांत बसलेला, एकदाही दुसरा रेझ न केलेला पन्नाशीचा गृहस्थ असेल, तर त्याच्या तिसऱ्या रेझमध्ये एक्का-राजा सहसा नसतो. उरतात १२ प्रकार, आणि राण्यांची आशा १८-१९ टक्क्यांवर येते. तिथे पत्ते टाकणे हाच योग्य खेळ. माणूस पाहून टक्केवारी अशी बदलते, म्हणून सुरुवातीच्या दोन तासांत टाकलेल्या डावांकडे लक्ष ठेवणारा खेळाडू पुढे पैसे वाचवतो.

एक्का-राजाची गोष्ट उलटी आहे. फ्लॉपवर जोडी फक्त ३२ टक्के वेळा लागते, म्हणून हे पत्ते फ्लॉपआधी जोर लावायला चांगले आणि फ्लॉपनंतर रेटत राहायला वाईट. त्यांचा एक छुपा फायदा आहे. एक एक्का आणि एक राजा स्वतःच्याच हातात असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर येतात, आणि राजांचेही तसेच. राण्यांच्या जोडीसमोर एक्का-राजा ४३ ते ४६ टक्के वेळा जिंकतो. म्हणजे समोरचा बऱ्यापैकी पत्ते टाकणारा असेल तर रेझ करणे फायद्याचे, आणि कधीच पत्ते न टाकणारा असेल तर कॉल करून फ्लॉप पाहणे बरे.

यानंतर प्रश्न येतो खोलीचा, म्हणजे पॉटच्या मानाने समोर किती चिप्स उरल्या याचा. मॅट फ्लिन, सनी मेहता आणि एड मिलर यांनी २००७ च्या पुस्तकात हे गुणोत्तर रूढ केले. मघाच्या डावात १,४०० घालून पॉट ३,५०० झाला आणि मागे १८,६०० उरले, म्हणजे गुणोत्तर पाचाच्या थोडे वर. तिघांनी कॉल केला असता तर पॉट ५,९०० आणि गुणोत्तर तीनच्या आसपास. तीन किंवा त्याहून कमी असेल तर एका जोडीवर सगळे पैसे लावायला फारसा विचार लागत नाही. समोरच्याच्या १,००० च्या रेझवर ३,४०० चा दुसरा रेझ केला आणि त्याने कॉल केला, तर पॉट ७,१०० होतो आणि मागे १६,६०० उरतात. फ्लॉपआधी रेझ चढवण्याचा हा दुसरा फायदा. पुढचे निर्णय सोपे होतात.

चिप्स खोल असतील तर चित्र पालटते. प्रत्येकासमोर ६०,००० असले की त्याच ३,५०० च्या पॉटमागे ५८,६०० उभे राहतात. आता छक्कीची जोडी घेऊन १,२०० जास्तीचे भरणारा खेळाडू मूर्ख नसतो. त्याला फ्लॉपवर तिसरी छक्की साडेआठ वेळांत एकदा लागते, पण लागली की समोरच्याच्या एक्क्यांकडून तो पन्नास हजार काढू शकतो. एक्क्यांची जोडी शेवटी एक जोडीच आहे, ही गोष्ट खोल टेबलावर सगळ्यात महागात शिकवली जाते. तिथे फ्लॉप आणि टर्नवर दोन वेळा पैसे लावून रिव्हरला थांबणे, पॉट हाताबाहेर न जाऊ देणे, हा कमीपणा मानायचे कारण नाही.

पत्ते लपवून फक्त कॉल करण्याचेही प्रसंग असतात, पण ते मोजके आहेत. मागे एखादा सतत रेझ करणारा बसला असेल, तर त्याला रेझ करू द्यायचा आणि मग त्यावर रेझ करायचा. पुढे फक्त एकच माणूस उरला असेल आणि त्याच्याकडे चिप्स थोड्या असतील, तरीही चालते. या दोन्हींत सहा जण फ्लॉप पाहण्याचा धोका नसतो. शांत, लिंप करणाऱ्यांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून एक्के लपवणे मात्र निव्वळ तीन पत्तीची आठवण आहे.

फ्लॉपनंतरचा सर्वात मोठा निर्णय टर्नवर येतो. भारी जोडीने फ्लॉपवर पैसे लावले, एकाने कॉल केला, टर्नवर पुन्हा लावले आणि आतापर्यंत गप्प असलेल्या त्याच माणसाने रेझ केला. समोरासमोरच्या लहान-मध्यम खेळात हा रेझ क्वचितच पोकळ असतो. इथे दोन जोड्या, सेट किंवा पूर्ण झालेली रांग यांचा हिशेब धरायचा. इस्पिकची तीन पाने पडली असतील आणि हातातल्या एक्क्यांत इस्पिक नसेल, तर पत्ते टाकणे आणखी सोपे होते. मात्र रेझ करणारा दिवसभर कशावरही रेझ करत आला असेल, तर तोच रेझ कॉल करण्याजोगा ठरतो.

सगळे पैसे आत गेल्यावरही एक निर्णय उरतो. काही टेबलांवर दोघे राजी असतील तर उरलेले पत्ते दोनदा वाटता येतात आणि प्रत्येक वेळी अर्धा पॉट दिला जातो. फ्लॉपआधी एक्के आणि राजे भिडले तर एक्के सुमारे ८२ टक्के वेळा जिंकतात. दोनदा वाटल्याने सरासरी मिळकत बदलत नाही, पण एक्केवाल्याने दोन्ही वेळा हरून सगळे गमावण्याची शक्यता ५ टक्क्यांच्याही खाली येते. रोज खेळणाऱ्या व्यावसायिकाला याची फार गरज नसते, कारण त्याच्या डावांची संख्याच चढउतार भरून काढते. वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाणाऱ्याच्या वाट्याला असे डाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात, त्यामुळे त्याने दोनदा वाटून घेतलेले बरे. समोरचा नाही म्हणाला तर आग्रह धरता येत नाही, पत्ते एकदाच वाटले जातात.